नववा प्रश्न

मूर्तिजापूरच्या तहसीलीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी साडेनऊलाच गर्दी आहे. काउंटरवर सातबारे, आठ-अ, आधार कार्डं, बँकेची पासबुकं. दिवाळी होऊन गेली, उभं सोयाबीन पावसानं काळं पडलं आणि ज्याच्या त्याच्या हातात नुकसानीचा कागद आहे. त्या गर्दीत एक मुलगी वहीतून एक पान काढून पुढे सरकवते. ‘दादा, पाठपोट. तीस.’

मशीनचा उजेड काचेखाली फिरतो. शेजारी उभे असलेले टोपीवाले बाबा मान वाकडी करून बाहेर पडणारं पान वाचतात.

‘कोन्त्या योजनेचा फारम हाय हा?’

‘योजना नाही बाबा. कॉलेजचा आहे. मानसशास्त्राचा.’

‘भेटते काही?’

‘काही नाही भेटत.’

तरी बाबा एक प्रत मागून घेतात, घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवतात. पुढंमागं लागला तं जवळ असावा, म्हणतात.

ही मुलगी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर मूर्तिजापुरात, कॉलेज अमरावतीला. रोज पॅसेंजरनं माना, कुरुम, टाकळी करत बडनेऱ्याला उतरायचं, तिथून पुढे ऑटो. तिचं नाव, कॉलेजचं नाव आणि आज जाणार त्या गावाचं नाव लिहायचं नाही, असं ठरलंय. नुसतं ठरलेलं नाही. तिनं माझी त्यावर सही घेतली आहे. संमतीपत्रकाचा तिला चांगलाच सराव आहे.

विषयाचं नाव लांबलचक आहे: कापूस वेचणीच्या हंगामात शेतकरी आणि शेतमजूर महिलांमध्ये दिसणाऱ्या नैराश्याच्या लक्षणांचा तुलनात्मक अभ्यास. एकूण साठ बाया. तीस स्वतःच्या वावरात वेचणाऱ्या, तीस दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जाणाऱ्या. तीसच का, असं मी विचारते. ‘टी-टेस्टला पुरतात,’ ती म्हणते आणि मग हसते, ‘आमच्या आधीच्यांनी पण तीस-तीसच घेतले होते.’ कोणत्याही कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाचं कपाट उघडून पाहावं. ग्रामीण व शहरी विद्यार्थी, खेळाडू व बिगरखेळाडू, नोकरी करणाऱ्या व गृहिणी. मधे ‘तुलनात्मक’ आणि शेवटी ‘सार्थक फरक आढळून आला’. त्यातले काही प्रबंध होस्टेलच्या खोलीत चार रंगांच्या पेनांनी एका रात्रीत भरलेल्या फॉर्मांवर उभे आहेत, हे विद्यार्थी एकमेकांना हसत सांगतात. गाइडना ते कळत नसेल, असं मला वाटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानं पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर सक्तीचा केला आणि दुसऱ्या वर्षाला प्रकल्प जोडला. आता प्रत्येकाला संशोधन करावंच लागतं. साठ माणसांपर्यंत जायचं भाडं मात्र ज्यानं त्यानं आपल्या खिशातून काढायचं.

दर्यापूर रस्त्याला लागलेल्या ऑटोत आम्ही दोघी, एक खताची गोणी आणि सहा माणसं. रस्त्याच्या कडेनं मधूनच शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ दिसतात, गवतात बुडालेले. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, शेती सगळी पावसावर. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली आहे, बोंडं फुटली आहेत, पहिली वेचणी करणाऱ्यांची सीतादहीची पूजा कधीच होऊन गेली. सध्या बाई घरी सापडेल ती सकाळी थोडी आणि दिवे लागल्यावर थोडी. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच महिन्यात यावी, ही कुणाची चूक म्हणायची?

तिच्या पिशवीतला फॉर्म नऊ प्रश्नांचा आहे. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के या तिघांनी अमेरिकेत १९९९ च्या सुमाराला फायझर कंपनीच्या पैशावर तो तयार केला आणि पुढे सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळा ठेवला. आग्र्याहून मागवायच्या छापील चाचण्यांना पैसे पडतात, म्हणून वर्गातल्या निम्म्या पोरी फुकटातल्या चाचण्यांवर असतात. मागच्या दोन आठवड्यांत भूक, झोप, थकवा, उदासी, मन न लागणं यांतलं काय काय आणि किती दिवस झालं, ते विचारायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याच्या वर गेलं तर लक्ष द्यायला हवं.

‘मॅडम, एक सांगू?’ ऑटोच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणते. मानसशास्त्राच्या नामवंत नियतकालिकांत ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांतली ९६ टक्के माणसं अशा देशांतली होती, जिथे जगातली जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. आर्नेट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाच्या २००८ सालच्या पाहणीतून हा हिशोब निघतो. त्यांतही कितीतरी जण कॉलेजची पोरं. ‘म्हणजे आमच्यासारखी. प्राध्यापकाला हाताशी मिळणारी.’ वर्गात हे शिकल्यावर तिनं ठरवलं की आपल्या साठांत कॉलेजची एकही मुलगी घ्यायची नाही. तिच्या वर्गातल्या आरशातल्या रेखाटनाच्या आणि म्युलर-लायरच्या भ्रमाच्या प्रयोगांत पात्र म्हणून शेजारच्या बाकावरचीच मैत्रीण बसते. कोणती रेघ लांब हे विचारायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी होते.

गावात शिरल्यावर पहिला प्रश्न तिलाच येतो. ‘कोनाची वं तू?’ ती आईचं माहेर सांगते; ते इथून जवळच आहे. दोन मिनिटांत नातं निघतं आणि ती गावाची भाची होते. चहा येतो. सतरंजी येते. फॉर्म बाहेर निघतो आणि सगळ्यांचे चेहरे जरा बदलतात, कारण वरच्या बाजूला सहीची जागा आहे.

‘सही कायले?’

तुम्ही स्वतःच्या मर्जीनं बोलताय, मधेच थांबायचं असेल तर थांबू शकता, तुमचं नाव कुठंही येणार नाही, यासाठी सही. ती हे अगदी शांतपणे, वऱ्हाडीत सांगते. समोरची बाई ऐकून घेते आणि कागद परत करते. सहीच्या कागदांनी या घरांत फार काही केलेलं आहे: पीककर्ज, बचत गटाचं कर्ज, गटातल्या दुसरीनं फेडलं नाही म्हणून आपल्या माथी आलेला हप्ता. नाव येणार नाही म्हणते आणि सही मागते, हे बाईच्या हिशोबात बसत नाही, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. शेवटी मुलगी तोंडी होकार घेते आणि फॉर्मवर तशी नोंद करते.

आता प्रश्न. तिनं पुठ्ठ्यावर चार ग्लासांचं चित्र काढून आणलंय: रिकामा, थोडा भरलेला, अर्ध्याच्या वर, काठोकाठ. दोन आठवडे म्हणण्याऐवजी ‘मागचे दोन बाजार’ म्हणते.

‘काकू, मागच्या दोन बाजारांत झोप कशी लागते?’

‘तिले?’ ओसरीतून सासू बोलते. ‘तिले काय होते! पडली का घोरते.’

काकू पदर तोंडाला लावून हसतात. शेजारीण सांगते, घोरते कुठली, रातच्या दोनला हिच्या घरचा दिवा दिसते मले. सासू म्हणते, तो तं पोट्ट्याच्या अभ्यासाचा. पोट्टा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, मी नाही बा अभ्यास करत. ओट्यावर जमलेल्या सातजणींनी आणि एका पोरानं मिळून एका बाईच्या झोपेचं उत्तर तयार केलंय, त्यात त्या बाईचा एकही शब्द नाही. मुलगी ग्लासावर खूण करत नाही. समासात पेन्सिलीनं लिहिते: सासू. शेजारीण.

थकव्याचा प्रश्न येतो तेव्हा सगळ्याच एकदम चौथ्या ग्लासावर बोट ठेवतात. ‘येचनीत थकत नाई तं काय नाचते का?’ हा मोठाच प्रश्न आहे आणि तो पद्धतीचा आहे. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईचा थकवा आजाराचा की कामाचा, हे तो फॉर्म ओळखू शकत नाही; दोघांनाही तीनच गुण देतो. तिनं म्हणून थकव्याचे गुण वेगळे काढून दोन्ही तऱ्हांनी बेरीज मांडायचं ठरवलंय. काठोकाठ ग्लास पाहून एक आजी म्हणते, ‘चित्रातला दाखवू नको वं, एकांदा चहाचा भरून पाज.’

या मातीत प्रश्न घोळक्यालाच विचारायचा असतो. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी लहानाचे मोठे झालेले गाडगेबाबा कीर्तनात तेच करत. समोरच्या शेकड्यांना एकेक प्रश्न टाकायचे आणि सगळ्यांकडून एका आवाजात उत्तर वदवून घ्यायचे. त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आता या मुलीला पदवी देणार आहे. पण तिचा फॉर्म गृहीत धरतो की उत्तर देणारं माणूस एकटं आहे, दार लावलेलं आहे आणि बाहेर कुणी कान देऊन उभं नाही. नऊपैकी आठ प्रश्नांना हे एक वेळ चालून जातं.

आठवा संपल्यावर ती फॉर्म दुमडते.

‘झालं?’ काकू विचारतात.

‘झालं काकू. एक राह्यला. तो मंग इचारतो.’

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तो ओट्यावर विचारता येत नाही, घरात विचारता येत नाही. या गावात बाई एकटी असते कुठे, हे शोधायला तिला सुरुवातीचे बरेच दिवस लागले. विहिरीवर चारजणी असतात. चुलीपाशी सासू असते. उत्तर सापडलं ते वावरात. वेचणीत प्रत्येकीचं तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, वेगळं असतं, आणि दोन तासांत दोघीच असल्या तर तिसरीला ऐकू येत नाही.

दुपारच्या आधी आम्ही वावरात पोचतो. ती ओढणी कमरेला घट्ट बांधते, कुणाकडून तरी ओटी घेते आणि एका बाईच्या शेजारचं तास धरते. शाळेत असल्यापासून तिनं वेचलंय. दिवाळीचे कपडे त्याच पैशातून यायचे, असं ती मघाशी बोलून गेली. तिचे हात दोन्हीकडे सारखे चालतात, बोंडाच्या टोकांना न अडखळता. मी धुऱ्यावर, डब्यांच्या आणि एका झोपलेल्या लेकराच्या राखणीला. ऐकू येईल इतक्या जवळ यायचं नाही, ही तिची अट आहे. म्हणून पुढचं सगळं मला फक्त दिसतं.

दोघी बोलत बोलत पुढे सरकतात. हात थांबत नाहीत. तासाच्या मध्यावर पोचल्यावर दोघी खाली बसतात आणि पऱ्हाटीत दिसेनाशा होतात. मला नुसता कापूस दिसतो. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू आहे. एक बगळा उतरतो, उडतो. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाहून कास्तकाराचा आवाज येतो.

‘कोन बसलं वं तिकडं?’

मुलीचं डोकं वर येतं. ‘पानी पेतो, काका!’

पुन्हा दोघी दिसेनाशा. काही वेळानं उठतात. ओटीतला कापूस सारखा करतात, पुन्हा वेचू लागतात. बाईच्या चेहऱ्यावरून काही कळावं एवढी ती जवळ नाही. दुसऱ्या बाईच्या वेळीही असंच. तिसरीच्या वेळीही असंच. कुणाचं उत्तर काहीही असो, नवव्या प्रश्नाला खाली बसायचंच, हे तिनं मुद्दाम ठरवलंय. जिच्याशी बसून बोलली तिचंच काहीतरी आहे, असं वावरातल्या बाकीच्यांना वाटायला नको.

जेवणं निंबाखाली होतात. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. तिच्या डब्यातली पोळी चौघींत वाटली जाते. कुणीतरी विचारतं, तू डाक्टरीन व्हशीन का वं? ती सांगते, नाही. एम.ए. झाल्यावरही उपचार करणारी म्हणून पाटी लावता येत नाही. त्याला पुढचं वेगळं शिक्षण लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. १९९२ चा कायदा आहे तसा. अशा जागा कमी, फी जास्त. नेट द्यायची, नाहीतर एखाद्या सरकारी प्रकल्पात कंत्राटी समुपदेशक.

‘मंग आता पगार किती?’

‘आता तं मीच देतो, कॉलेजले.’

बाया मनापासून हसतात.

ही मुलगी करते आहे ते या भागाला अगदीच नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. ‘संगाथ’ या संस्थेचा त्यात पुढाकार होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी लोकांशी बोलायचं आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घ्यायला गेलेल्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. अठरा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा ते २७.२ टक्के निघालं. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त २०१७ साली ते छापून आलं आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. ती दोन्ही आकडे पाठ म्हणून दाखवते. मला मात्र त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं: तिथे विचारणाऱ्याच्या मागे एक वाट तयार होती. कुणी ‘हो’ म्हटलं तर पुढे कुठे जायचं, हे आधी ठरलेलं होतं. पदवीसाठी साठ फॉर्म भरणाऱ्या एकट्या पोरीच्या मागे काय असतं?

हिच्या मागे एक कागद आहे. गाइड सरांनी मंजुरी देतानाच तो जोडायला लावला. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर फॉर्म तिथंच थांबवायचा. बाईला विचारून, तिनं हो म्हटलं तरच, गावातल्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईंना, किंवा तिच्या भरवशाच्या एका माणसाला सांगायचं. मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचं सर्वोपचार इथं कोणत्या दिवशी कोण भेटतं ते त्यावर लिहिलेलं आहे. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक. आणि त्याच संध्याकाळी सरांना फोन, किती का उशीर होईना. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांच्या फॉर्मना असा कागद नाही. त्यांतल्या काहींनी तर भानगड नको म्हणून नववा प्रश्न गाळूनच टाकलाय. म्हणजे फॉर्म पीएचक्यू-८ झाला. तसाही एक मान्यताप्राप्त फॉर्म आहेच, त्यामुळे कुणी बोट ठेवू शकत नाही.

उन्हं कलल्यावर मोजणी सुरू होते. निंबाच्या फांदीला काटा टांगलाय. एकेकीचं गाठोडं अडकवलं जातं, कास्तकार आकडा मोठ्यानं म्हणतो, त्याचा मुलगा वहीत लिहितो. किलोला दहा रुपये. मजुरी वजनावर आहे, त्यामुळे जिच्याशी मुलगी बसून बोलली तिची तेवढी मजुरी बुडाली. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत सहभागींना मोबदला देण्यावर एक परिच्छेद असतो; ती तो तिच्या पद्धतीनं पाळते. काटा चालू व्हायच्या आधी तिनं वेचलेला दिवसभराचा कापूस तिघींच्या ओट्यांत सारखा रिकामा होतो. कास्तकार पाहतो, बोलत काही नाही. त्याला वजनाशी मतलब.

ऑटोची वाट पाहत आम्ही गावाच्या फाट्यावर उभ्या आहोत. ती थोडी बाजूला जाऊन फोन लावते. एकाच बाजूचं बोलणं माझ्या कानावर पडतं.

‘हो सर... एकट्या असतानाच विचारलं... नाही, आज नाही म्हणाल्या, पण आशाताई चालतील म्हणाल्या... हो, त्यांच्याच समोर फोन केला... मंगळवारी. सोबत जातील... हो सर, तो फॉर्म वेगळा ठेवते. वेचता वेचता भरला ते पण लिहायचं ना?... मर्यादांमध्ये?’

फोन ठेवून ती मला एवढंच सांगते, ‘आज कागद लागला.’ कुणासाठी ते सांगत नाही, मीही विचारत नाही. तिघी होत्या आणि तिघीही खाली बसल्या होत्या.

सरांच्या म्हणण्याप्रमाणे ‘प्रश्नावली काम चालू असताना तोंडी भरून घेतली’ हे वाक्य मर्यादांच्या प्रकरणात जाणार आहे. प्रमाणित पद्धत मोडली, हे खरं आहे. तरीही माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. ते वाक्य पद्धतीच्या प्रकरणात, पहिल्या पानावर जायला हवं, कारण ओट्यावर भरलेले फॉर्म सासूचे आणि शेजारणीचे आहेत आणि वावरात भरलेले त्या बाईचे. आणि पुढच्या वर्षी अशा प्रश्नावलीला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक गाइडला विनंती आहे: नववा प्रश्न गाळायला सांगू नका, तसा मोकळाही सोडू नका, त्याच्यासोबत हा एक कागद जोडायला लावा. सगळ्यांत खाली १४४१६ लिहा. हा टेली-मानसचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही उचलला जातो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.